मनीचं पाणी मोजायचे, माझं नाही

आमच्या मनी मांजरीचा पाण्याचा बाउल काचेचा आहे आणि त्याला बाहेरून चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावलेला आहे. रोज सकाळी त्या पट्टीपर्यंत पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं पाणी मेजरिंग कपात ओतून बघायचं आणि वहीत लिहायचं. आणि एक तसाच दुसरा बाउल कपाटावर, जिथे तिला चढता येत नाही तिथे, कारण उन्हाळ्यात नुसतं उडून जाणारं पाणीही बरंच असतं, ते वजा केल्याशिवाय तिने खरंच किती प्यायलं ते कळत नाही. हे सगळं मी जवळजवळ दोन महिने न चुकता केलं.

झालं असं की मागच्या वर्षी तिला लघवीचा त्रास सुरू झाला. सारखी लिटर बॉक्समध्ये जाऊन बसायची, ताण द्यायची आणि दोन-चार थेंबच व्हायचे. (तुमच्याकडे बोका असेल आणि तो असं करत असेल तर प्लीज उद्यावर ढकलू नका, लगेच घेऊन जा. बोक्यांची मूत्रनळी खूप अरुंद असते, ती पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.) मनीचं तेवढ्यावर गेलं नाही पण लघवीत क्रिस्टल्स, म्हणजे क्षारांचे बारीक कण, सापडले आणि व्हेटने पहिला प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिते? मला काही सांगता आलं नाही. बाउल भरून ठेवते एवढंच माहीत होतं. तिथून ती वही सुरू झाली.

तेव्हा कळलं की मांजरांना मुळात तहानच कमी लागते. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी भागातले रानमांजर, त्यांना प्यायला पाणी क्वचितच मिळायचं, शिकारीच्या अंगात जे पाणी असतं त्यावर भागायचं. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. आणि आपण त्याच प्राण्याला कोरडे दाणे घालतो ज्यात जेमतेम १० टक्के पाणी असतं, मग म्हणतो बाउल तर भरलेला आहे, पिईल तहान लागल्यावर. चार किलोच्या मांजरीला सगळं मिळून दिवसाला साधारण २०० ते २५० मिली पाणी लागतं आणि आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात ८०, ९५, ७० असे आकडे होते. ते बघून मला खरंच खूप वाईट वाटलं, कारण ती इतकी वर्षं माझ्या डोळ्यासमोर होती.

मग ओलं खाणं सुरू केलं, त्यात वरून दोन-तीन चमचे कोमट पाणी, बाउल जेवणाच्या जागेपासून लांब सरकवला, अजून दोन ठिकाणी पाणी ठेवलं, रोज घासून ताजं भरायला लागले. बाउलमधले आकडे उलट कमी झाले पण जेवणातलं पाणी धरलं तर एकूण दुपटीच्या वर गेलं. दुधाचं बरेच जण विचारतात म्हणून सांगते, पाण्याच्या ऐवजी दूध अजिबात नको, बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातलं लॅक्टोज पचत नाही आणि जुलाब झाले की असलेलं पाणीही जातं.

आता खरी गोष्ट. मनी बरी झाली आणि दोन-तीन महिन्यांत मलाच युरिन इन्फेक्शन झालं. जळजळ, थंडी वाजून ताप, दोन दिवस अंथरुणात. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनीही तोच प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिता? मी तिथे खुर्चीत बसून आठवायचा प्रयत्न करत होते, सकाळी एक ग्लास, जेवताना एक, मग चहा... पुढे काही आठवेना. मनीने काल किती मिली प्यायलं ते मी झोपेत सांगू शकले असते.

घरी येऊन मी वहीचं नवीन पान उघडलं आणि वरती स्वतःचं नाव लिहिलं. पहिल्या दिवशी प्यायलेलं सगळं मिळून, चहा धरून, साडेआठशे मिली.

तेव्हापासून याबद्दल जे वाचलं त्यातल्या काही गोष्टी डोक्यात घट्ट बसल्यात. आपल्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं परत शरीरात घेतलं जातं आणि फक्त एक ते दोन लिटर लघवी बनून बाहेर पडतं. पाणी कमी पडलं की मेंदूला ते रक्तातल्या क्षारांच्या प्रमाणावरून कळतं, तिथून व्हेसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि किडन्यांना निरोप जातो की पाणी धरून ठेवा. म्हणून लघवी कमी होते, गडद पिवळी होते. म्हणजे आपण लॅपटॉपसमोर बसून "आत्ता नको, नंतर पिऊ" म्हणत असतो तेव्हा आत कुणीतरी आधीच काटकसर सुरू केलेली असते. आणि लघवी कमी म्हणजे मूत्राशयातले जंतू धुवून बाहेर जाण्याची संधीही कमी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, वारंवार असं इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायका, त्यातल्या निम्म्या जणींना रोज दीड लिटर जास्तीचं पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्या जणींना ३.२ वेळा. नुसत्या पाण्याने. हे वाचून मी वही बंद करून आधी उठून पाणी प्यायले.

आठ ग्लासांचं मात्र जरा डोक्यातून काढा. १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं आणि त्याला जोडूनच हेही सांगितलं होतं की यातलं बरंचसं आपल्या खाण्यातच असतं. लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये दिलेला अंदाज बायकांसाठी २ लिटर आणि पुरुषांसाठी २.५ लिटर असा आहे आणि तोही खाणं-पिणं सगळं धरून. उन्हात काम असेल, ताप असेल, बाळाला अंगावर पाजत असाल तर जास्त लागणारच. आणि एका दमात दोन-तीन लिटर पाणी ढोसणं हाही उपाय नाही, रक्तातलं सोडियम एकदम खाली येतं आणि ते धोकादायक असतं. मी आता फक्त लघवीचा रंग बघते. फिकट पिवळा असला की ठीक.

खाण्यातल्या पाण्याचा विचार मी आधी कधीच केला नव्हता. काकडीत ९५ टक्के पाणी असतं, कलिंगडात ९० च्या वर, टोमॅटोतही तेवढंच. कामाच्या टेबलावर माझ्याकडे नेहमी खारे पदार्थ किंवा बिस्किटांचं पाकीट असायचं, म्हणजे मी पण मनीसारखी कोरडे दाणेच खात होते की. आता सकाळी डबा भरताना एक छोटा डबा कापलेल्या फळाचा किंवा काकडीचा भरते, झालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या सांगते, मी एकदा किचनच्या काट्यावर वजन करून बघितलं तर ते वाटतं तितकं जास्त नाहीये, दोन जेवणांत भाजी नीट वाढून घेतली आणि मधे एक-दोन फळं खाल्ली की होतं.

मिठाचं मात्र सांगायलाच हवं. मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, सगळ्या खाण्यात मिळून. पाकिटावर मीठ न लिहिता सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणायचं. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय तर ते २ ग्रॅम मीठ झालं, दिवसाच्या कोट्यातलं जवळजवळ निम्मं, आणि १०० ग्रॅमचं पाकीट गप्पा मारता मारता कधी संपतं कळतही नाही. हे गुणाकार करायला लागल्यापासून दोन-तीन गोष्टी घरात येणं आपोआप बंद झालं.

आमच्या घरात अजून एक कमी पाणी पिणारी व्यक्ती सापडली ती म्हणजे आई. वय वाढलं की तहानेची जाणीवच मंद होते हे खरंय, पण आईचं कारण वेगळंच निघालं. गुडघे दुखतात म्हणून सारखं बाथरूमला उठायला नको, त्यासाठी ती मुद्दाम कमी पीत होती. कुणाला सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, उगीच कशाला तुम्हाला त्रास." तिच्या खुर्चीची जागा बाथरूमच्या जवळ आणली, वाटेत भिंतीला धरायला एक दांडा बसवला, आणि डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवून घेतलं कारण हार्टच्या किंवा किडनीच्या काही पेशंटना पाणी मोजूनच द्यावं लागतं, मनाने वाढवायचं नसतं. आता जास्त पाणी ती दुपारपर्यंतच पिते, रात्री कमी. तुमच्याही घरात कुणी म्हातारं माणूस पाणी पीत नसेल तर रागवायच्या आधी एकदा उठण्या-बसण्याचं विचारून बघा.

तर आता सकाळची एक फेरी ठरलीये. एका जगने सगळ्यांचं पाणी. आधी माझी बॉटल, मग आईची, मग मनीचे तीन बाउल, मग कुंड्या, आणि शेवटी बाहेरच्या कठड्यावरची मातीची पसरट बशी. ही बशी फेरीत सगळ्यात उशिरा आली पण आता तिच्यासाठीच मी लवकर उठते असं म्हटलं तरी चालेल.

पक्ष्यांना घाम येत नाही, ऊन वाढलं की ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात, त्यातूनच अंगातली उष्णता बाहेर जाते आणि पाणीही जातं. तसा चोच वासून बसलेला कावळा मी कित्येकदा बघितला होता पण तो तहानलेला असेल असं कधी मनातच आलं नाही. बशी उथळ पाहिजे, दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरतं, खोल भांड्यात छोटे पक्षी उतरत नाहीत आणि पडले तर बाहेर येता येत नाही. जागा सावलीची हवी आणि मांजर दबा धरून बसेल अशी नको, आमची मनी खिडकीच्या आतूनच बघते, तिला बाहेर सोडत नाही. कुणी ब्रेडचे तुकडे ठेवत असेल तर नका ठेवू, त्याने पोट भरतं पण पोषण होत नाही, पाणी पुरे.

बशी नुसती भरून उपयोग नाही, घासावी लागते. हे मी पहिल्या महिन्यात केलं नव्हतं, वरचेवर पाणी टाकत राहिले आणि एक दिवस वाकून बघितलं तर पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा डास भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर अंडी चिकटवतो, ती कोरड्यातही महिनोनमहिने टिकतात, आणि पाणी मिळालं की अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात. म्हणून ब्रशने कडा घासायच्या, आठवड्यातून एकदा तरी. मी रोज पाणी बदलते आणि दर रविवारी घासते, साबण न वापरता. पक्ष्यांची विष्ठा पडते त्यानेही त्यांच्यात रोग पसरतात, ते पण टळतं. ओतलेलं पाणी कुंडीत जातं.

भाज्यांची सालं पण खत होऊन तिकडेच. एका बादलीला भोकं पाडून ओला कचरा आणि त्यावर वाळलेली पानं असे थर घालते, ओलं जास्त झालं तर वास येतो, सुकं जास्त झालं तर काही होतच नाही, दोन-तीन वेळा बिघडल्यावर अंदाज आला. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. हॉटेलांतून नाही, आपल्या घरांतून. एक किलो तांदूळ पिकवायला सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागतं, मग उरलेला वाडगाभर भात टाकताना आपण किती बादल्या ओतून देतो हे मला आता दिसतं आणि मी मोजूनच शिजवते.

बशीत मी चार-पाच खडबडीत दगड ठेवलेत, अर्धे पाण्याच्या वर राहतील असे. ते मधमाश्यांसाठी. त्या पाणी पिऊन पोळ्यात नेतात, आत पातळ थर पसरतात आणि पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. उभं राहायला कोरडी जागा नसेल तर बुडून मरतात, दोन मेलेल्या मला दिसल्या म्हणून दगड आले. आई आधी घाबरायची, चावतील म्हणून, पण पाण्यावर आलेली माशी कुणाच्या वाटेला जात नाही, हात मारला नाही म्हणजे झालं.

आज सकाळी सहा-सात जणी होत्या. दगडाच्या ओल्या कडेला ओळीने, पोट वरखाली हलत होतं, एवढ्या जवळून की सोंड पाण्यात टेकलेली दिसत होती. जग भरलेला होता पण ओतला असता तर सगळ्या उडाल्या असत्या म्हणून मी तशीच उभी राहिले. आतून आईचा आवाज आला, "अगं, माझी बॉटल भरलीस का?" भरली होती गं, टेबलावरच होती. खिडकीत मनी बसलेली, तीही माश्यांकडेच बघत होती.