तीन जागा, सहा जण

आज संध्याकाळी 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम लावला आणि तासभर कॅम्पमधून पायच निघाला नाही. पार्टीत, म्हणजे सोबत फिरणाऱ्या टोळीत, चारच जण, त्यात एक मी. उरल्या तीन जागा, आणि सोबती सहा!

नुसती गरज बघितली तर सोपं आहे. जखमा भरायला शॅडोहार्ट, पुढे उभं राहून घाव झेलायला लेझेल, कुलपं आणि सापळे अस्टेरियनकडे. लढाया जिंकायला एवढं पुरतं. पण मग कार्लाक कायम कॅम्पातच राहणार. छातीत हृदयाऐवजी नरकातलं धगधगतं इंजिन, अंग इतकं तापलेलं की कुणाला साधी मिठी मारता येत नाही, आणि तरी बोलते किती भरभरून. तिला मागे ठेवून जायला जीव होईना.

शेवटी अस्टेरियनला थांबवलं. वाटेत कुणा अनोळखी माणसाला मदत केली की अस्टेरियनची नाराजी स्क्रीनच्या कोपऱ्यात लगेच उमटते, कार्लाकला मात्र तेच आवडतं. सोबत कोण आहे यावर माझे निर्णयही बदलतात, हे आज नीट जाणवलं. १९९८ च्या पहिल्या भागात पार्टी सहा जणांची होती, पण तिथे खालिदला काढलं की त्याची बायको जहेराही निघून जायची. ते मला फार खरं वाटतं.

कुलपांचं माझ्या बार्डने, म्हणजे गेममधल्या माझ्या गायक पात्राने, निभावलं. पहिल्याच दाराशी वीस बाजूंचा फासा गरगरला, मी श्वास रोखून बसले. १८ पडले.