रोबोटच्या मागच्या गल्ल्या

शिन-नागाताला लोक रोबोट बघायला येतात आणि रोबोट बघून परत जातात, याचा मला अजून राग येतो.

रोबोट बघण्यासारखा आहेच. जपानमधल्या कोबे शहराच्या या भागात जेआर रेल्वेच्या स्टेशनातून बाहेर पडून दोन-चार मिनिटं चाललं की वाकामात्सु पार्क लागतो, आणि तिथे पाय फाकवून, मूठ उगारून तेत्सुजिन-28 या चित्रकथेतल्या रोबोटचा पुतळा उभा आहे. सरळ उभा केला तर 18 मीटर भरेल. मी पोचले तेव्हा एक टूर ग्रुप आला होता. गाइडने थोडा वेळ दिला, सगळ्यांनी मूठ वर करून फोटो काढले, आणि बस निघून गेली. जवळच्या गल्लीत गुआन यू या जुन्या चिनी योद्ध्याचा पुतळा उभा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

रोबोट आणि गुआन यू, दोन्ही एकाच चित्रकथाकाराची माणसं. मित्सुतेरू योकोयामा 1934 साली याच कोबेत, सुमा भागात जन्मले. तेत्सुजिन 1956 चा. 1971 साली त्यांनी ‘सांगोकुशी’ हाती घेतलं, म्हणजे चीनमधल्या तीन राज्यांची कथा चित्रांतून. इ.स. 184 मधलं पिवळ्या फेटेवाल्यांचं बंड, हान घराण्याची पडझड, एकमेकांच्या जिवावर उठलेले सरदार, आणि 263 साली शू राज्याचा शेवट. हे सगळं काढायला त्यांना 1987 उजाडलं आणि 60 खंड लागले.

ओसाकात नोकरी लागल्यावर मी जपानी वाचायला शिकले ती या खंडांवर. मुलांच्या मासिकासाठी काढलेलं असल्यामुळे कांजीच्या, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांच्या, बाजूला बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो, त्यामुळे कोश न उघडता पुढे जाता येतं. पण मी त्यात अडकले ती सुरुवातीमुळे. पहिल्या पानांवर लढाई नाहीच. चटया आणि वहाणा विणणारा एक तरुण नदीकाठी बसून जहाजाची वाट बघतोय, कारण त्याला आईसाठी चहा विकत घ्यायचाय. हा लिऊ बेई, पुढे शू राज्याचा सम्राट होणारा. ही कथा जिच्यातून आली त्या जुन्या चिनी कादंबरीत हा प्रसंग नाही. तो एजी योशिकावांच्या जपानी कादंबरीतून योकोयामांकडे आला. काही वाचकांना ही भेसळ वाटते. मला वाटतं, पुढच्या साठ खंडांना ज्या मायेची गरज होती ती इथेच मिळाली.

योकोयामांनी काम सुरू केलं तेव्हा जपान आणि चीनमध्ये राजनैतिक संबंधही नव्हते. ते 1972 च्या सप्टेंबरात जुळले. पोशाख, चिलखतं कशी असत याची चित्रं मिळणं अवघड. तरी हा माणूस काढत राहिला, आणि हाताशी जास्त साधनं आली तशी त्यांची चित्रंही बदलत गेली. एवढी चिकाटी मला कुठल्याही लढाईपेक्षा मोठी वाटते.

आता त्या गल्ल्या. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे भूकंप झाला, आणि नागातात, म्हणजे याच भागात, त्यामागून आग आली. लाकडी घरं, चपला-बूट करणारे छोटे कारखाने, दाट वस्ती. मोहल्लेच्या मोहल्ले जळाले. नंतर सुमारे 20 हेक्टरांवर नव्याने इमारती उभ्या राहिल्या. त्या इतक्या मोठ्या आहेत की त्यांच्या पोटातले छत घातलेले बाजार रिकामे भासतात. तिथे पुन्हा माणसं यावीत म्हणून स्थानिक लोकांनी योकोयामांच्या पात्रांचे पुतळे आणून बसवले. रोबोट 2009 साली उभा राहिला. योकोयामा 2004 सालीच गेले, त्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही.

मी गेले तेव्हा दुपार होती आणि निम्मी शटरं बंद होती. लांब दाढीचा गुआन यू, पिसांचा पंखा घेतलेला लिऊ बेईचा सल्लागार कोंगमिंग, आणि ज्याने छांगबानच्या पुलावर एकट्याने शत्रूचं सैन्य रोखलं तो झांग फेई. औषधांच्या दुकानातून बाहेर पडलेल्या एक बाई पिशवी झांग फेईच्या पायाशी टेकवून छत्री उघडत होत्या. मला ते फार आवडलं. देवळातल्यासारखा दुरावा नाही, शेजारी असावा तसा तो उभा.

भूक लागली म्हणून ओकोनोमियाकीच्या, म्हणजे तव्यावरच्या जपानी धिरड्यांच्या, एका छोट्या दुकानात शिरले. सोबामेशी मागवली. नूडल्स आणि भात तव्यावर एकत्र परतून उलथन्याने बारीक चिरायचे. हा पदार्थ नागाताचाच. तव्यामागे सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या आणि भिंतीवरच्या फळीवर ‘सांगोकुशी’चे खंड. काही जुने, काही नवे, काहींवर दुसऱ्याच कुठल्या दुकानाचे शिक्के. मी निरखून बघतेय म्हटल्यावर आजी म्हणाल्या, “पहिला संच दुकानाबरोबर जळाला. हे गिऱ्हाइकांनी एकेक करून आणून दिलेत.”

कुठला भाग आवडतो, असं मी विचारलं. मला वाटलं, लाल कड्यांची लढाई म्हणतील, कथेतली गाजलेली लढाई. त्या म्हणाल्या, लिऊ बेई लोकांना घेऊन पळतो तो.

हा 208 सालचा प्रसंग. लिऊ बेईचा शत्रू त्साओ त्साओ याची फौज दक्षिणेला उतरली आणि लिऊ बेईच्या मागे लाखभर माणसं निघाली. गाठोडी, म्हातारी, पोरं, हजारो गाडे. दिवसाला जेमतेम दहा-बारा ली, म्हणजे चार-पाच किलोमीटर. मागून येणारे पाच हजार घोडेस्वार एका दिवस-रात्रीत तीनशे ली तोडत होते. लोकांना सोडा आणि पुढे व्हा, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने ऐकलं नाही. शेवटी छांगबानला गाठलेच गेले.

“आमचे हे नेहमी भांडायचे,” आजी तवा खरवडत म्हणाल्या. “म्हणायचे, राजाने आधी किल्ला गाठायला हवा होता. सगळ्यांना बरोबर ठेवून सगळ्यांनाच संकटात घातलं. मी म्हणायचे, तुम्हाला नाही कळायचं.”

मग त्यांनी सांगितलं. भूकंपानंतर तात्पुरती घरं सोडत काढून वाटली. म्हाताऱ्यांना आधी मिळाली, पण दूर, शहराच्या पार टोकाला. समोरच्या घरातल्या बाई एकीकडे, मासेवाले दुसरीकडे. “घर चांगलं होतं हो. पण दार उघडलं की ओळखीचं तोंड नाही. काहीजण तिथेच एकटे गेले. आम्हाला हळू नेलं असतं तरी चाललं असतं. एकत्र न्यायला हवं होतं.”

मला त्यावर काही बोलता आलं नाही. त्यांनी अजून थोडी सोबामेशी माझ्या बाजूला सरकवली, न मागता, आणि बिलात धरली नाही.

त्यांच्या यजमानांचं म्हणणं खोटं नव्हतं. छांगबानला लिऊ बेईच्या मागची कितीतरी माणसं शत्रूच्या हाती लागली, तो स्वतः मोजक्या स्वारांनिशी निसटला, त्याचा तान्हा मुलगा त्याच्या सरदाराने, झाओ युनने, वाचवला. पहिल्यांदा वाचताना मीही यजमानांच्याच बाजूची होते. आता नाही. परतीच्या गाडीत फोनवर तो भाग पुन्हा काढला आणि सरदारांचे चेहरे सोडून फक्त गाडे ओढणारी माणसं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी हिमेजीचा किल्ला पाहिला. सुंदर आहे, रांग फार.

नागाताला जाणार असाल तर रोबोटपाशी थांबा, पण जेवण त्या बाजारात घ्या आणि दुपार तिथे घालवा. मला टूरवाल्यांचा राग येतो तो एवढ्यासाठी: ज्यांच्यासाठी हे पुतळे उभे केले, त्यांच्या दुकानात एक प्लेट खायलाही कुणाला वेळ देत नाहीत.