ट्रोनाच्या वाटेवर जीपीएस गेलं तेव्हा

मागच्या महिन्यात मेहुण्याला घेऊन सेसना १७२ या भाड्याच्या छोट्या विमानातून कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डहून डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला गेलो. वॉकर पास, इनयोकर्न, रिजक्रेस्ट, मग ट्रोना. ट्रोनाला दोन्ही अंगांना चायना लेकच्या नौदल तळाची निषिद्ध हवाई हद्द आहे, मधून चिंचोळी वाट. नेमकं तिथे तोंडाशी पॅनेलवरचं जीपीएस गेलं. टॅबलेटवरचं विमानही जागेवर थिजलं.

चायना लेकला जीपीएस अडवण्याच्या चाचण्या होतात, त्यामुळे पहिला संशय तिकडेच गेला. पण निघताना नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) पाहिले होते, त्या दिवशी चाचणी नव्हती. जोशुआ अप्रोचला (तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रणाला) कळवलं, दिशा होकायंत्रावर धरली आणि खाली १७८ नंबरचा रस्ता सोडला नाही. इतक्यात मेहुणा म्हणाला, "भावजी, मी आत्ताच कॅमेरा चार्जरला लावलाय. त्याने तर नाही ना?"

चार्जर उपसला. अर्ध्या मिनिटात जीपीएसवर उपग्रहांच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या पट्ट्या एकेक करून उभ्या राहिल्या.

विमानातल्या विजेचा दाब ५ व्होल्टवर आणताना स्वस्त चार्जर सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्याचा गोंगाट हवेत सोडतो. वीस हजार किलोमीटरवरून आलेला उपग्रहाचा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. फर्नेस क्रीकच्या धावपट्टीवर (समुद्रसपाटीच्या २१० फूट खाली, उंचीमापकाचा काटा शून्याखाली गेलेला बघायला मजा येते!) चार्जर पुन्हा लावून पाहिला. पट्ट्या पुन्हा पडल्या.

तुम्ही जाणार असाल तर नवीन वस्तू घरच्या विमानतळावरच एकेक करून लावून बघा, जीपीएसवरचं उपग्रहांचं पान उघडं ठेवून. रेडिओचाही त्रास होतो, कारण बोलताना तो आपल्या फ्रिक्वेन्सीच्या पटींवरही थोडा सिग्नल सोडतो: १२१.१७५ मेगाहर्ट्झला १३ ने गुणा, १५७५.२७५ येतात, १३१.२७५ ला १२ ने गुणा, १५७५.३ येतात, आणि जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर! म्हणून १२१.१५ ते १२१.२०० आणि १३१.२५ ते १३१.३०० वर बोलताना पट्ट्या पडतात का, हे एव्हियॉनिक्सवाल्याकडून (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं बघणाऱ्याकडून) तपासून घ्या. कधीकधी आणीबाणीच्या बीकनची अँटेनाच तो सिग्नल पुन्हा फेकते, तिला फिल्टर बसवावा लागतो. आणि कागदी नकाशा मांडीवर हवाच, ट्रोनाला तर नक्कीच.

परतीला कॅमेरा त्याच्याच बॅटरीवर, मागच्या खिडकीत लावला. बेकर्सफील्डपर्यंत एकही पट्टी हलली नाही.