कट्

दुपारी पेनाचं टोपण उचलायला वाकलो आणि उठताना उजवा गुडघा बोलला. कट्. घरात कुणी नव्हतं, तरी मी ओशाळून मागं पाहिलं.

आवाज जुन्या ओळखीचा. आजी जिना चढायची तेव्हा आधी तिचा गुडघा ऐकू यायचा, मग आजी. पहिल्या कट्‌ला आमचे पत्ते गादीखाली आणि पुस्तकं मांडीवर. आम्हाला आधीच कसं कळतं, हे कोडं तिला कधी सुटलं नाही. "गुडघे झिजले रे बाबा," म्हणत ती टेकायची, आणि मला टाचेकडे पातळ झालेली चप्पल दिसायची.

म्हणूनच माझ्या एक्स-रेत 'झीज आहे' असं निघालं, तेव्हा घरी येऊन मी आधी पळायचे बूट माळ्यावर टाकले. चप्पल टिकवायची तर चालणं कमी. अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. माझी तीही झिजली असावी.

कारण जी झिजते त्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोट भरतं सांध्यातल्या वंगणावर. पाऊल टेकलं की ती स्पंजासारखी दबते, उचललं की फुगते, आणि या दबण्या-फुगण्यात मिळेल ते शोषून घेते. म्हणजे सहा महिने मी गुडघ्याला आराम देत होतो की उपाशी ठेवत होतो?

अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या १२०३ जणांवर चार वर्षं नजर ठेवली होती. त्यात धावणारे १३८. २०१८ साली निष्कर्ष छापून आला, की धावणाऱ्यांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त बिघडले नाहीत; दुखणं कमी झालेले उलट त्यांच्यातच जास्त. अर्थात ही मंडळी आपल्या मर्जीनं, झेपेल तितकं धावणारी. ज्यांना सोसत नव्हतं ते आधीच घरी बसले असणार. एवढा संशय मी राखून आहे.

तरी बूट खाली काढले. मिनिटभर पळतो, दोन मिनिटं चालतो. चालायला आलेले लोक मला सहज मागं टाकतात, म्हणून याला धावणं म्हणायची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कुरकुरला नाही तर पुन्हा जातो. सुजला तर मुकाट्यानं बसतो.

कट् मात्र गेलेलं नाही. परवा जिना चढत होतो, तिसऱ्या पायरीवर वाजलं, आणि वरच्या खोलीतला मुलांचा गलका एकदम थांबला.