वरून चिखल, आत वाळवंट

जूनचा दुसरा आठवडा. पुण्यात दोनच सरी पडून गेल्या होत्या. सकाळी नर्सरीत एक काका नांद्रुकाचा (वडाच्या कुळातलं झाड) बोन्साय घेऊन आले. पंधरा इंची ट्रे, मनगटाएवढं खोड, आणि निम्मी पानं पिवळी.

"पाण्याची हयगय नाही हो. रोज तांब्याभर घालतो, पानं गळायला लागल्यापासून दोनदा. निचराही एक नंबर, घातलं की लगेच खालून येतं!"

शंका आली ती त्या 'लगेच'मुळेच. ट्रे एका हाताने उचलला गेला. ओल्या मातीचा तेवढा ट्रे असा उचलत नाही. कडेला उदबत्तीची काडी सहज गेली, चिखल लागून बाहेर आली. खोडाजवळ मात्र काडी मोडली.

झाड बाहेर काढून मुळांचा गड्डा करवतीने कडेकडेने कापला. बाहेरचा दोनेक सेंटीमीटर थर काळा, ओला, कुबट वासाचा. आत विटकरी, कोरडी ठणठणीत माती. कापलेला तुकडा बादलीत टाकला तर तरंगला आणि बराच वेळ बुडबुडे सोडत राहिला. काका बघतच राहिले.

झालं असं होतं: नुसती लाल माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चार वर्षं तशीच. मातीचा बारीक कण बसत जातो, मुळं उरलेल्या फटी भरतात. असा गड्डा उन्हाळ्यात एकदा पूर्ण वाळला की आकसतो, ट्रेच्या कडेपासून सुटतो आणि वाळलेलं कोकोपीट पाणी झटकून टाकतं. पाणी फटीतून थेट भोकात. मधली मुळं तहानेने मेली, कडेची दुप्पट पाण्याने कुजली. एकाच झाडाला दोन्ही रोग.

नुसता कोरडेपणा असता तर ट्रे अर्धा तास पाण्यात बुडवून भागलं असतं. इथे कूज होती, म्हणून माती बदलणं भाग होतं. नांद्रुकाला हा उबदार, दमट काळ मानवतो. हेच काम डिसेंबरात केलं नसतं.

गड्डा तासभर भिजवून बांबूच्या काडीने बाहेरून आत विंचरला. कुजलेलं मूळ ओळखायला सोपं: चिमटीत ओढलं की साल मोज्यासारखी निघते, आत नुसता दोरा राहतो. तेवढी सगळी कापली, वर एकही जास्त नाही. एरवी निरोगी झाडाची तिसरा हिस्सा मुळं काढतो, आजारी झाडाला तो हिशेब लावायचा नसतो. चीक पाण्याच्या फवाऱ्याने थांबतो. बरेच जण हळद लावतात. मला कात्रीची धार आणि स्वच्छता जास्त महत्त्वाची वाटते.

नवं मिश्रण: विटेचे तुकडे तीन भाग, जाड वाळू एक, चाळलेलं गांडूळखत एक. तुकडे दोन ते सहा मिलिमीटरचे; त्याखालची पूड टाकून द्यायची, तीच पुढे चिखल करते. वीट पक्की भाजलेली हवी, कच्ची पाण्यात विरघळते. भोकांवर जाळी, आणि भोकांतून ओवलेल्या दोन मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम तारेने गड्डा आवळून बांधला. झाड हललं की नवी मुळं तुटतात, आणि आपण खताला दोष देत बसतो. मिश्रण काडीने मुळांत खुपसून भरलं, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घातलं.

"आता रोजचं पाणी बंद. काडी खोडाजवळ खुपसून ठेवा, ओढून बघा, सुकत आली असेल तरच घाला. तीन आठवडे पागोळ्यांपासून लांब, सावलीत. खत दीड महिना नाही."

"आणि ही फांदी?" त्यांनी डावीकडची दाखवली. नखाने साल खरवडली, खाली तपकिरी. उरलेल्या चारही फांद्या हिरव्या निघाल्या. ती एक तिथेच कापली.


जुलैच्या सुरुवातीला काका पुन्हा आले ते काडीच घेऊन. "ही ओली की सुकी, तुम्हीच सांगा." ओलीच होती.