ब्रिटनमधले जुने डिझेल शंटर चालू कसे ठेवतात

शकुंतलेचा, म्हणजे विदर्भातल्या त्या नॅरो गेज गाडीचा, विषय निघाला की मूर्तिजापूर, दारव्हा, यवतमाळकडे आधी वाफेचं इंजिनच आठवतं. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, तेव्हा ते साहजिकच आहे. त्याच्या जागी आलेल्या डिझेलचं नाव मात्र कोणी घेत नाही. ही लाइन हेरिटेज म्हणून चालवा असं म्हणताना आपण ब्रिटनचं उदाहरण देतो. मग तिथल्या यार्डात उभे असलेले डिझेल शंटरही, म्हणजे डबे इकडून तिकडे लावणारी छोटी इंजिनंही, बघायला हवेत. लीड्सच्या मिडलटन रेल्वेवर जून १९६० मध्ये स्वयंसेवकांनी पहिली गाडी चालवली तेव्हा पुढे वाफेचं इंजिन नव्हतंच. हन्सलेट कंपनीचा १९३२ सालचा डिझेल शंटर होता आणि मागे ट्रामचा जुना डबा.

कारण अगदी व्यवहारी आहे. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला कित्येक तास जातात. सकाळी डबे फलाटाला लावायचे, रुळांच्या कामाची गिट्टी न्यायची, वाटेत बंद पडलेलं वाफेचं इंजिन ओढून आणायचं, या कामांना अर्ध्या तासात तयार होणारं काहीतरी लागतं.

तिथे दोन जाती सगळ्यात जास्त भेटतात. मोठी म्हणजे क्लास ०८. १९५२ ते १९६२ या काळात असे ९९६ शंटर बांधले गेले. वजन सुमारे ५० टन, सहा चाकं, इंग्लिश इलेक्ट्रिकचं सहा सिलिंडरचं ६केटी इंजिन, ताकद ३५० अश्वशक्ती. आकडा ऐकून हसू येईल, आज एखाद्या ट्रकमध्येही एवढी ताकद असते. पण हे इंजिन मिनिटाला जेमतेम ६८० फेरे घेतं आणि शंटरची ओढ सुमारे १६ टन आहे. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज चाकं फिरवणाऱ्या दोन ट्रॅक्शन मोटारींना जाते, मोटारी दुहेरी गिअरमधून पुढचा आणि मागचा आस फिरवतात, आणि मधला आस बाहेरच्या कपलिंग रॉडने त्यांना जोडलेला असतो. कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किलोमीटर. सगळी ताकद ओढण्यात खर्ची घातली आहे.

यात स्टार्टर मोटार वेगळी नाही. जनरेटरलाच बॅटरीची सुमारे ९० व्होल्ट वीज देतात, तो मोटारीसारखा फिरतो आणि इंजिनाला फिरवतो. म्हणून जपलेल्या ०८ चं अर्धं दुखणं बॅटरीत असतं. सेल एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एक सेल जरी बसला तरी सगळी माळ बसते. नुसते व्होल्ट मोजाल तर आकडा छान दिसेल आणि बटण दाबताच कोसळेल. सेलागणिक हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, लावायचा. १२५० च्या वर आकडा असला तर सेल भरलेला, १२०० च्या खाली आला की चार्जिंग हवं, आणि चार्ज करूनही एखादाच सेल मागे राहत असेल तर तो बदलायचा. बटण दाबूनही इंजिन फिरत नसेल तर दाबून धरायचं नाही. जनरेटरचा कम्युटेटर, म्हणजे ब्रश टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, फिरत नसला की ब्रशखालच्या त्याच पट्ट्यांतून शेकडो अँपिअर जातात, त्या तिथेच जळतात, आणि मग जनरेटर बाहेर काढून कम्युटेटर लेथवर घ्यावा लागतो. बॅटरीपेक्षा ते कितीतरी महाग पडतं.

महिनोन्‌महिने उभा असलेला शंटर थेट बटण दाबून सुरू करणं हा शुद्ध मूर्खपणा. आधी संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाचा ड्रेन किंचित उघडून बघायचं. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, खालच्या रबरी सीलमधून पाणी झिरपत असेल तर ते तेलाखाली बसलेलं असतं आणि तेलाआधी तेच बाहेर येतं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ती पाण्याची किंवा डिझेलची भर असते. नंतर इंजिन बारने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं, सिलिंडरचे टेस्ट कॉक, म्हणजे छोटे नळ, उघडे ठेवून, नाहीतर इंजेक्टर काढून. विहिरीवरचं इंजिन हँडल मारून फिरवताना डीकॉम्प्रेशनची पट्टी उचलतात, तसंच हे, फक्त हेतू वेगळा. सिलिंडरात कपभर पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. जनरेटरने जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉकमधून पाणी फवारलं तर आधी गळती शोधायची, सुरू करायचा विचार मग.

शेवटी मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र. बॅटरीची जोडणी सोडून, ५०० व्होल्टचा मेगर जनरेटर आणि मोटारींवर लावायचा. सर्वसाधारण नियम असा की आकडा एक मेगओहमच्या खाली असेल तर लोड द्यायचा नाही. तिथल्या ओल्या हिवाळ्यानंतर तो हमखास घसरतो. ब्रशची कार्बनची भुकटी आणि दमटपणा मिळून कम्युटेटरवर विजेला वाट तयार होते आणि मोठ्या लोडला ठिणगी एका ब्रशहोल्डरवरून दुसऱ्यावर उडते. उपाय साधा आहे: भुकटी व्हॅक्यूमने ओढायची, कॉम्प्रेसरच्या हवेने आत ढकलायची नाही, आणि छोटे हीटर लावून दोन दिवस सुकवायचं.

सुरू झाला की नुसता धडधडत ठेवून समाधान मानणारे तिथेही कमी नाहीत. यानेच शंटर खराब होतात. थंड इंजिन आयडलवर, म्हणजे बिनलोड मंद, चालताना डिझेल पूर्ण जळत नाही, उरलेलं लायनरवरून संपमध्ये उतरतं, काही एक्झॉस्टच्या पाइपात साचतं. मग कधीतरी दहा डब्यांचा लोड दिला की चिमणीतून तेलाचे थेंब उडतात, कधी ज्वाळाही. महिन्यातून एकदा चालवायचा, पण पाणी ७० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत आणि खरे डबे ओढून. वेळ नसेल तर त्या महिन्यात सुरूच करू नये, हे माझं स्पष्ट मत. दहा मिनिटांच्या धडधडीने बॅटरीतून काढलेलंही परत भरत नाही.

ओढून नेतानाही एक घात असतो. ०८ ला दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून वेगात ओढलं तर दुहेरी गिअरमुळे मोटारी भलत्याच वेगाने फिरतात आणि आर्मेचरची, म्हणजे मोटारीच्या आतल्या फिरत्या भागाची, बांधणी सुटू शकते. म्हणून हे शंटर एका रेल्वेवरून दुसरीकडे जाताना बहुतेक वेळा लो-बेड ट्रेलरवर दिसतात. चाकांचंही तसंच: तिन्ही जोड्या रॉडने बांधलेल्या, त्यामुळे टायरचा व्यास जुळलेला नसेल तर प्रत्येक फेऱ्याला एक जोडी घसरते आणि रॉडचे बुश खातात.

धाकटा म्हणजे क्लास ०३. १९५७ पासून स्विंडन आणि डॉनकॅस्टरच्या कारखान्यांत असे २३० झाले. ३० टन वजन, गार्डनरचं आठ सिलिंडरचं ८एल३ इंजिन, २०४ अश्वशक्ती. छोट्या हेरिटेज रेल्वेला हाच परवडतो, आणि खरं सांगायचं तर मलाही हाच आवडतो. यात जनरेटर-मोटार काही नाही: तेलातून ताकद पुढे देणारं फ्लुइड कपलिंग, मग पाच गिअरचा विल्सन-ड्र्यूरी गिअरबॉक्स, मग उलट-सुलट करणारा फायनल ड्राइव्ह, रॉड फिरवणारा आडवा जॅकशाफ्ट आणि रॉड. गिअर बदलतात ते हवेच्या दाबाने ब्रेक बँड आवळून. हवा कमी असली की बँड पुरता आवळत नाही, घसरतो, तापतो आणि अस्तर जळतं. शंटर जागचा हलत नाही म्हणून ड्रायव्हर अजून थ्रॉटल देतो आणि उरलेलंही जाळतो. आधी हवेचा काटा बघावा, मग थ्रॉटल. दिशा बदलायची ती पूर्ण थांबल्यावरच. फायनल ड्राइव्हमध्ये दातांचा क्लच आहे, चाकं सरकत असताना लिव्हर टाकला की दातांचे कोपरे उडतात आणि पुढे तो गिअरमधून आपोआप सुटायला लागतो. तसे दात नव्याने बनवून घेण्यापलीकडे मग उपाय नसतो.

आता आपल्याकडचं. मूर्तिजापूरला किंवा यवतमाळला एखादा झेडडीएम, म्हणजे नॅरो गेजचं डिझेल इंजिन, चालू स्थितीत ठेवायचा ठरलाच, तर तिथल्या यादीतलं एक कलम बाद होतं आणि दुसरी वाढतात. अँटिफ्रीझ लागत नाही, पण गंजरोधक रसायन लागतंच. विहिरीचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं तर दोन उन्हाळ्यांत नळ्या क्षाराने बुजतात. बॅटरीचं पाणी मे महिन्यात ४५ अंशांत झरझर उतरतं, त्यामुळे महिन्याला नव्हे, आठवड्याला डिस्टिल्ड पाणी. जिनिंगच्या हंगामात हवेतली रुई रेडिएटरच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. ती आतून बाहेर फुंकायची. पावसाळ्यात डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात, आणि फिल्टरला काळा चिकट थर दिसतो. टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवावी आणि दर पंधरवड्याला तळाचा ड्रेन सोडावा. चिमणीवर पत्र्याचं झाकण हवं, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात आणि पावसाचं पाणी सरळ सिलिंडरात उतरतं. झाकणाला लाल फडकं बांधून त्याचं दुसरं टोक कॅबमध्ये स्टार्टच्या बटणाला बांधायचं, म्हणजे झाकण काढल्याशिवाय कोणी बटण दाबणार नाही.