पहिला बुशक्राफ्ट चाकू: मोरा कंपॅनियन

बुशक्राफ्टला, म्हणजे रानात आपल्या हातांनी कामं करत राहायला, पहिला चाकू घडीचा नको. बिजागरीत माती, चीक अडकतो आणि जोर दिला की ती सैल होते. स्वीडनमधल्या मोरा गावचा, न दुमडणारा कंपॅनियन घ्या, त्याच्या किमतीत याहून प्रामाणिक हत्यार नाही. पातं सुमारे १० सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर. धारेचा उतार रुंद, सपाट; तो अख्खा दगडावर टेकवून घासला की नवख्याचाही कोन चुकत नाही. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण सह्याद्रीच्या पावसात ते एका रात्रीत गंज धरतं, म्हणून स्टेनलेसच बरा. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. तेव्हा पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकून फांदी फोडायची तर मनगटाएवढी, बिनगाठीचीच. फेरो रॉडसाठी (खरवडल्यावर ठिणग्या देणारी, आग पेटवायची कांडी) पात्याची पाठ कानसेने काटकोनात घासावी लागते, नाहीतर ठिणग्या पडत नाहीत.